डॉक्टरांच्या चिठ्ठीवरचा नंबर : वैद्यकीय नोंदणी, शिस्त आणि आपली जबाबदारी



आजचा पाठ कोणत्याही इयत्तेच्या पुस्तकात नाही. पण तो मला शिकावा लागला, आणि तोही माझ्या चुकीमुळे. म्हणून आधी ती चूक सांगते.

माझ्या तिसरीच्या वर्गात एक मुलगी होती. तिला आपण चिमी म्हणूया. जुलै महिन्यात तिला ताप आला. वडील शाळेच्या फाटकाशी येऊन म्हणाले, "मॅडम, बाजारातल्या डॉक्टरकडं नेऊ का? पीएचसी लांब पडते." मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "हो, न्या की. जवळ आहेत."

तिथे चिमीला कमरेत इंजेक्शन दिलं. ताप उतरला, पण आठवड्याभरात त्या जागी मोठं गळू झालं. ग्रामीण रुग्णालयात चिरा देऊन पू काढावा लागला. पोर पाच आठवडे शाळेत आली नाही. मी भेटायला गेले तेव्हा त्या बाजारातल्या डॉक्टरची चिठ्ठी मागून घेतली. चिठ्ठीवर नाव होतं, नावापुढे कसलीशी तीन अक्षरं होती, मोबाईल नंबर होता. नोंदणी क्रमांक नव्हता. वडील म्हणाले, "मॅडम, पाटी होती ना डॉक्टरची!"

मित्रांनो, पाटी होती हे खरंच. पण पाटी कोणीही रंगवून घेऊ शकतो. ती वाचायची कशी, हे त्या बापाला कोणी शिकवलं नव्हतं. आणि ज्या बाईला त्यानं विश्वासानं विचारलं, तिलाही ते येत नव्हतं. म्हणून हा पाठ.

पाठाची उद्दिष्टे

१. डॉक्टरांची नोंदणी म्हणजे काय, ते समजून घेणे.
२. नोंदणी क्रमांक कुठे पाहायचा, ते जाणून घेणे.
३. डॉक्टरांवर शिस्तभंगाची कारवाई कोण आणि कशी करते, ते समजणे.
४. तक्रार करायची वेळ आली तर योग्य दार ओळखणे.

नोंदणी म्हणजे काय?

आपलंच उदाहरण घेऊ. आपण डी.एड. केलं, टीईटी पास झालो. आपलं प्रमाणपत्र कपाटातल्या फाईलमध्ये असतं. डॉक्टरांचं तसं नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षं आणि एक वर्षाची इंटर्नशिप झाली, पदवी हातात आली, तरी तेवढ्यावर प्रॅक्टिस करता येत नाही. वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नाव चढावं लागतं. ते चढलं की एक क्रमांक मिळतो. हाच त्यांचा परवाना.

मुलांना मी असं सांगते : पदवी सांगते की हा माणूस शिकला आहे. नोंदणी सांगते की या माणसाला उपचार करायची परवानगी आहे, आणि चुकला तर त्याला जाब विचारणारं कोणीतरी आहे. दुसरा भाग जास्त महत्त्वाचा. कारण मिळालेली पदवी सहसा कोणी परत घेत नाही, पण नोंदवहीतलं नाव काढून टाकता येतं.

थोडा इतिहास

आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. १८८६ साली त्यांनी अमेरिकेत फिलाडेल्फियाला वैद्यकीय पदवी मिळवली. त्या काळी आपल्याकडे डॉक्टरांची अशी सरकारी नोंदवहीच नव्हती. इंग्लंडमध्ये १८५८ च्या कायद्यानं नोंदणी सुरू झाली होती, पण इथे शिकलेला आणि न शिकलेला दोघेही स्वतःला डॉक्टर म्हणवू शकत होते.

• १९१२ : मुंबई प्रांतात वैद्यकीय नोंदणीचा कायदा आला.
• १९३३ : देशपातळीवरच्या परिषदेसाठी कायदा. पुढच्या वर्षी भारतीय वैद्यक परिषद स्थापन झाली.
• १९५६ : स्वतंत्र भारताचा नवा कायदा.
• १९६५ : महाराष्ट्र वैद्यक परिषद कायदा.
• २०१९ : राष्ट्रीय वैद्यकीय आयोग कायदा. २५ सप्टेंबर २०२० पासून जुन्या परिषदेची जागा आयोगानं घेतली.

म्हणजे आज दोन पातळ्या आहेत. राज्यात महाराष्ट्र वैद्यक परिषद, दिल्लीत राष्ट्रीय वैद्यकीय आयोग. तक्रार आधी राज्याच्या परिषदेकडे जाते.

कोणाची नोंद कुठे?

इथे बऱ्याच जणांचा गोंधळ होतो. सगळे डॉक्टर एकाच वहीत नसतात.

• एमबीबीएस आणि त्यापुढचे ॲलोपॅथी डॉक्टर : महाराष्ट्र वैद्यक परिषद
• आयुर्वेद आणि युनानी : महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिन
• होमिओपॅथी : महाराष्ट्र होमिओपॅथी परिषद
• दातांचे डॉक्टर : महाराष्ट्र राज्य दंत परिषद

महाराष्ट्र वैद्यक परिषदेची नोंदणी दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावी लागते. त्यासाठी त्या पाच वर्षांत नवं शिकत राहिल्याचे ३० क्रेडिट पॉइंट दाखवावे लागतात. आपल्याला प्रशिक्षणं असतात ना, तसंच! कंटाळा त्यांनाही येत असेल, पण त्याचा फायदा शेवटी पेशंटलाच होतो.

नंबर कुठे पाहायचा?

डॉक्टरांच्या वर्तनाचे नियम २००२ साली आले. (२०२३ मध्ये नवे नियम काढले होते, पण त्याच महिन्यात ते स्थगित झाले आणि २००२ चेच पुन्हा लागू केले गेले.) या नियमांप्रमाणे नोंदणी क्रमांक चार ठिकाणी हवा : दवाखान्यात दिसेल असा, औषधाच्या चिठ्ठीवर, दाखल्यावर आणि पैशांच्या पावतीवर. आपण नंबर पाहिला म्हणून डॉक्टरांचा अपमान होत नाही. तो त्यांनी दाखवायचाच आहे.

ॲलोपॅथी डॉक्टरांचा नंबर परिषदेच्या किंवा राष्ट्रीय आयोगाच्या वेबसाइटवर टाकला की नाव आणि शिक्षण दिसतं. पाच मिनिटांचं काम आहे. आपण मोबाईल घेताना याहून जास्त चौकशी करतो.

मुंबईचा एक खटला

नोंद आहे, पण उपचार दुसऱ्याच पद्धतीचे, असं असेल तर? हा प्रश्न मुंबईच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. १९९२ च्या जुलैमध्ये एका माणसाला ताप आला. त्याच्यावर उपचार करणारे डॉक्टर होमिओपॅथीचे नोंदणीकृत होते, पण औषधं त्यांनी ॲलोपॅथीची दिली. आधी व्हायरल ताप म्हणून, मग टायफॉइड म्हणून. रुग्ण खालावत गेला आणि १४ जुलैला गेला. त्याच्या पत्नीनं लढा दिला. १९९६ साली निकाल लागला : जी पद्धत आपण शिकलो नाही त्या पद्धतीचे उपचार करणं हाच निष्काळजीपणा आहे, वेगळा पुरावा लागत नाही. तीन लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला.

यात एक बारकावा आहे, तोही सांगते. १९९८ च्या दुसऱ्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की राज्याच्या कायद्यानं परवानगी दिली असेल तिथे आणि तेवढ्यापुरतीच इतर पद्धतीच्या डॉक्टरांना ॲलोपॅथीची औषधं देता येतील. महाराष्ट्रात २०१४ मध्ये कायदा बदलून, औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम केलेल्या होमिओपॅथी डॉक्टरांना अशी वाट करून दिली. त्यांच्या नोंदणीवरून २०२५ च्या सप्टेंबरमध्ये राज्यातल्या ॲलोपॅथी डॉक्टरांनी संपही केला. खेड्यात डॉक्टर कमी आहेत हे खरं, आणि अपुऱ्या शिक्षणानं जीव जातो हेही खरं. आपण पालक म्हणून एवढं तरी करावं : समोरचे डॉक्टर कोणत्या पद्धतीचे आणि ते कोणतं औषध देत आहेत, हे सरळ विचारावं.

शिस्तभंग म्हणजे नेमकं काय?

प्रत्येक चूक म्हणजे गैरवर्तन नाही. उपचार नीट करूनही पेशंट दगावू शकतो. पण नियमांत काही गोष्टी स्पष्ट गैरवर्तन म्हणून दिल्या आहेत. उदाहरणार्थ, जाहिरातबाजी करून पेशंट ओढणं, पेशंटची खासगी माहिती बाहेर सांगणं, गर्भलिंग तपासणं, खोटा दाखला देणं.

चौकशीत दोष सिद्ध झाला तर परिषद ताकीद देऊ शकते, ठरावीक काळासाठी नाव काढू शकते किंवा कायमचं काढू शकते.

गर्भलिंगनिदानाबाबत तर कायदा आणखी कडक आहे. १९९४ च्या कायद्यानुसार न्यायालयानं डॉक्टरवर आरोप निश्चित केले की खटला संपेपर्यंत परिषदेनं नोंदणी निलंबित करायची. दोषी ठरला तर पहिल्या वेळी पाच वर्षांसाठी नाव काढायचं, पुन्हा सापडला तर कायमचं. आपल्या राज्यानं असा कायदा देशाच्याही आधी, १९८८ मध्येच केला होता.

तरीही २०१२ साली बीड जिल्ह्यातल्या परळीत बेकायदा गर्भपात करताना एका महिलेचा जीव गेला. २०१९ मध्ये न्यायालयानं तिथल्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा सुनावली. आणि २०२० मध्ये जामिनावर असलेला तोच डॉक्टर पुन्हा पेशंट तपासत असल्याच्या आरोपावरून पकडला गेला. मी हे वाचलं तेव्हा मला धक्का बसला. परवाना गेला, बातम्या आल्या, सगळ्या जिल्ह्याला माहीत, तरी पेशंट जातातच. मुंबईच्या कार्यालयात नाव खोडलं, पण गावातला माणूस ती वही बघतच नाही, तर त्या खोडण्याचा उपयोग काय?

आणि आता माझी दुसरी चूक

खोट्या दाखल्याचा उल्लेख वर केला. शिक्षक बंधू-भगिनींनो, इथे आपण जरा आरशात बघूया.

काही वर्षांपूर्वी माझ्या किरकोळ रजा संपल्या होत्या आणि घरात लग्न होतं. मी ओळखीच्या डॉक्टरकाकांकडे गेले आणि म्हटलं, "काका, चार दिवसांचं मेडिकल द्या ना." त्यांनी एक जाड रजिस्टर काढून माझ्यापुढे ठेवलं. दिलेल्या प्रत्येक दाखल्याची त्यात नोंद. पेशंटची सही, पत्ता, अंगावरची खूण. नियमच आहे तसा.

ते म्हणाले, "खूण लिहितो, सही घेतो. आजार कोणता लिहू, तो तू सांग."

मी गप्प. मग ते हसून म्हणाले, "बाळा, तुझी चार दिवसांची रजा आणि माझी तीस वर्षांची नोंदणी. कशी तोलायची?"

खोट्या दाखल्यासाठी नोंदवहीतून नाव जाऊ शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. मी बिनपगारी रजा टाकली. पण आजही विचार येतो : आपण एकीकडे म्हणतो डॉक्टर प्रामाणिक हवेत, आणि त्यांच्याकडे पहिली खोटी सही मागायला आपणच जातो. स्पर्धेला जायचं म्हणून, हजेरी भरायची म्हणून मुलांसाठीही मागतो. मूल शेजारी उभं राहून हे सगळं बघत असतं.

तक्रार करायची तर कुठे?

इथे तीन वेगवेगळी दारं आहेत. चुकीच्या दारात उभं राहिलं की वर्षं वाया जातात.

१. वैद्यक परिषद. इथे फक्त एकच प्रश्न ठरतो : या डॉक्टरचं वर्तन नियमाप्रमाणे होतं का, आणि नाव नोंदवहीत राहावं का? परिषद तुम्हाला पैसे मिळवून देत नाही, कोणाला तुरुंगातही टाकत नाही.

२. ग्राहक आयोग. भरपाई हवी असेल तर इथे. १९९५ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालापासून पैसे देऊन घेतलेले उपचार ही ग्राहक कायद्यातली सेवा आहे. जिथे सगळ्यांनाच मोफत उपचार मिळतात, ते रुग्णालय यात येत नाही. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.

३. पोलीस आणि न्यायालय. गुन्हा घडला असेल तर. पण २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की डॉक्टरवर फौजदारी कारवाईसाठी साधी चूक पुरत नाही, निष्काळजीपणा फार गंभीर हवा. आणि कारवाईआधी पोलिसांनी त्याच विषयातल्या निःपक्ष डॉक्टरचं मत घ्यावं.

आणि माणूस मुळात डॉक्टरच नसेल तर? मग परिषद नाव खोडणार कुठून, वहीत नावच नाही! नोंदणीशिवाय ॲलोपॅथीची प्रॅक्टिस करणं हा २०१९ च्या कायद्यानुसार गुन्हा आहे. एक वर्षापर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. यासाठी तालुका आरोग्य अधिकारी किंवा पोलीस. चिमीच्या बाबतीत आम्ही हेच केलं. तिच्या वडिलांनी आणि मी मिळून लेखी अर्ज दिला, चिठ्ठीची झेरॉक्स जोडली.

परिषदेकडे अर्ज करताना

• रागाच्या भरात लिहू नका. तारीखवार लिहा. कधी गेलो, काय सांगितलं, काय दिलं.
• डॉक्टरांचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक लिहा.
• केसपेपर, चिठ्ठ्या, रिपोर्ट, पावत्या यांच्या प्रती जोडा. मूळ कागद स्वतःकडे ठेवा.
• दाखल असलेल्या पेशंटचे कागद मागितले तर डॉक्टरांनी ते ७२ तासांत द्यायचे असतात. हे कागद तीन वर्षं जपून ठेवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. म्हणून मागणी लेखी करा आणि पोच घ्या.

परिषद डॉक्टरांना बाजू मांडायची संधी देते. ते स्वतः किंवा वकिलामार्फत बोलू शकतात. हे योग्यच आहे. आपण वर्गातसुद्धा एका मुलाचं ऐकून दुसऱ्याला शिक्षा करत नाही. नियमाप्रमाणे निर्णय सहा महिन्यांत व्हायला हवा.

एक उणीव मात्र पालकांना माहीत असावी. निर्णय पटला नाही तर डॉक्टरला राष्ट्रीय आयोगाच्या मंडळाकडे अपील करता येतं. २००२ च्या नियमांत रुग्णालाही दिल्लीकडे दाद मागता येत होती. २०१९ च्या कायद्यात अपिलाच्या कलमात डॉक्टरांचाच उल्लेख आहे, रुग्णाचा नाही. म्हणजे रुग्णाला उरतं ते उच्च न्यायालय. शेतमजूर बाप उच्च न्यायालयात कसा जाणार? माझ्या मते हे कलम बदलायला हवं.

डॉक्टरांची बाजूही शिकवा

पेशंट दगावला की दवाखान्याच्या काचा फोडणं, डॉक्टरांना मारहाण करणं, असे व्हिडिओ आपली मुलं मोबाईलवर पाहतात. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्यानं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. मुलांना सांगा, अर्ज लिहिणारा हात दगड मारणाऱ्या हातापेक्षा लांब पोचतो. माझ्या डॉक्टरकाकांसारखी माणसं या धंद्यात कितीतरी आहेत. खऱ्याची किंमत राहावी म्हणूनच खोटा ओळखायचा.

वर्गातील उपक्रम (इयत्ता चौथी व पाचवी)

घरातली एक जुनी औषधाची चिठ्ठी मुलांना आणायला सांगा. पेशंटचं नाव आणि आजार आधी कागद चिकटवून झाका, कारण ती खासगी माहिती आहे. मग मुलांनी शोधायचं : डॉक्टरांचं नाव, पदवी, नोंदणी क्रमांक, तारीख. मुलांना दवाखान्यात चौकशीला मात्र पाठवू नका. ते काम मोठ्यांचं.

स्वाध्याय

१. पदवी आणि नोंदणी यांत काय फरक आहे?
२. नोंदणी क्रमांक कोणत्या चार ठिकाणी असायला हवा?
३. वैद्यक परिषद भरपाई देऊ शकते का? का नाही?
४. खोटा दाखला मागणारा चुकतो की देणारा? दोघांबद्दल चार वाक्ये लिहा.

शेवटी...

चिमी आता पाचवीत आहे. कमरेवर व्रण आहे, पण पळण्यात वर्गात पहिली. बाजारातल्या त्या खोलीला कुलूप लागलं. तो माणूस आता कुठल्या गावात पाटी लावून बसलाय, मला माहीत नाही. ही काळजी मला आहेच.

मागच्या महिन्यात आम्ही चिठ्ठीचा उपक्रम घेतला. चिमीनं आणलेल्या चिठ्ठीवर तिनं नंबराखाली दोनदा रेघ ओढली होती. मला दाखवून म्हणाली, "मॅडम, हाय बघा नंबर. पप्पांनी आधी बघितला, मग मला आत नेलं."

तुमच्या वर्गात हा पाठ घेतलात तर मुलांनी काय काय विचारलं, ते नक्की कळवा. आणि पुढच्या वेळी एखादा पालक फाटकाशी येऊन विचारेल ना, "नेऊ का तिकडे?", तेव्हा वही बाजूला ठेवा आणि आधी मान वर करा.